चारकोपचा चहा

वझिरा नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीत त्या काळी मोजक्याच गाड्या होत्या. त्यांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चकचकीत गाडी जयवंत राऊळांची. फिकट पिवळी फियाट, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. राऊळ कांदिवलीच्या एका औषध कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि तिथल्याच एका साहेबाने परदेशी जाताना ती त्यांना विकली होती. गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. आमच्या खिडकीतून खाली बघितलं की रविवारी सकाळी राऊळकाका बनियनवर, बादली घेऊन, गाडीच्या चाकांच्या वाट्या घासताना दिसायचे.

पण मी सांगतेय ती हकिगत त्यांच्या बायकोची, मालनकाकूंची.

मालनकाकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर ताटकळलेली, वैतागलेली, कधी रडकुंडीला आलेली माणसं त्यांच्या कानात ओरडायची, आणि काकू त्याच एका थंड, गोड आवाजात म्हणायच्या, ‘थांबा हं, लाइन देते.’ हा आवाज त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरी कुकरची शिट्टी उडाली तरी त्या तशाच बोलायच्या. उंचीला बेताच्या, अंगाने भरलेल्या, अंबाड्यात कायम एक पेन खोचलेलं. गाडीत त्या डावीकडे बसायच्या, पर्स मांडीवर घेऊन. स्टिअरिंगला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, आणि तसं करावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

राऊळकाकांना गाडीइतकाच अभिमान होता तो त्यांच्या नो क्लेम बोनसचा. गाडीच्या विम्याचा हा नियम त्यांनी सोसायटीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी समजावून सांगितला असेल. वर्षभरात तुम्ही कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट. पुन्हा नाही मागितली, तर आणखी सूट. आणि एकदा जरी मागितली, तर सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काकांनी कधीच मागितली नव्हती. दर वर्षी अंधेरीला विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन ते पॉलिसी नवी करून घ्यायचे आणि येताना पेढे आणायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘आमचो निकाल लागलो.’

काका रिटायर झाले, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत गाडीला पोचे पडायला लागले.

पहिला पोचा सोसायटीच्या गेटच्या खांबाने पाडला. काकांचं म्हणणं, वॉचमनने खांबाला नवा रंग दिला म्हणून अंदाज चुकला. दुसरा पोचा दूधकेंद्राच्या कठड्याने पाडला. मग मागचा दिवा फुटला, तो कुणी फोडला ते काकांनाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी ते गाडी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यायचे, स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे आणि संध्याकाळी गाडी पूर्वीसारखी करून आणायचे. क्लेमचं नाव काढायचे नाहीत. बोनस शाबूत राहायला हवा होता. मालनकाकूंना डाव्या सीटवरून वेगळंच दिसत होतं. काका आता दुकानांच्या पाट्या अगदी जवळ गेल्यावर वाचायचे. ऊन समोरून आलं की डोळ्यांवर हात धरायचे. ‘डोळे दाखवून येऊ या का?’ असं काकूंनी दोन-तीनदा विचारलं. काका म्हणाले, डोळे ठीक आहेत, काच खराब आहे. मग त्यांनी काच पुसून घेतली.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात एका सकाळी दोघं बाभईहून घरी येत होते. वळणावर सोनूबाई रस्ता ओलांडत होती. ही गोराईकडून रोज ताजी मासळी घेऊन यायची आणि आमच्या सोसायटीतही तिची घरं ठरलेली होती. डोक्यावर पाटी, नेहमीच्या सवयीने अगदी सावकाश चाललेली. काका तिच्याकडे बघत होते आणि गाडी सरळ तिच्याच अंगावर चालली होती. काकू ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने ओरडल्या असतील. काकांनी ब्रेक दाबला. गाडी सोनूबाईच्या लुगड्याला टेकून थांबली. पाटी मात्र खाली आली आणि बोंबील, मांदेली, सगळं बॉनेटवर आणि रस्त्यावर पसरलं.

सोनूबाईला खरचटलंही नव्हतं. तिने कमरेवर हात ठेवला, वाकून काचेतून आत बघितलं आणि म्हणाली, “डोलं घरान ठेवून आयलास काय रं?”

माणसं जमली. काकूंनी खाली उतरून सोनूबाईचा हात धरला, तिला पाणी दिलं, सगळी मासळी विकत घेतली. काका स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. घरापर्यंत गाडी त्यांनीच आणली, पण इतकी हळू की मागून येणारे सायकलवाले घंटी वाजवत होते. घरी आल्यावर काकूंनी त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवली. मग त्या काकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. चांगला पिकलेला. इतके दिवस गाडी चालवलीत कशी, असंही विचारलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. काकांना बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगांचा चष्मा लागला. तेव्हा तसेच चष्मे लागायचे. त्या चष्म्यातून समोरचं स्वच्छ दिसायचं, पण सगळंच मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसायचं, आणि बाजूचं जवळजवळ दिसायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, वाचा, टीव्ही बघा, फिरायला जा, गाडी मात्र नको.

फियाट कम्पाउंडमध्ये खाकी कव्हराखाली उभी राहिली. काकांचं बाहेर जाणं संपलं. पार्ल्याला नाटक नाही, मुलुंडला मुलीकडे, जयाकडे जाणं नाही, रविवारचा मासळीबाजार नाही. रिक्षाने जाऊ या म्हटलं की ते म्हणायचे, राहू दे. एके सकाळी काकू भाजी घेऊन आल्या तेव्हा त्यांना गाडीचं कव्हर अर्धं सरकवलेलं दिसलं. काका आत बसले होते. ड्रायव्हरच्या सीटवर, काचा बंद करून, तो जाड चष्मा लावून पेपर वाचत होते. काकूंनी त्यांना हाक मारली नाही. भाजीची पिशवी घेऊन त्या वर गेल्या.

पुढे काकांनी स्वतःच गाडी विकायची ठरवलं. तळमजल्यावरचे श्यामसुंदर सामंत, बँकेतून रिटायर झालेले, स्वतः ॲम्बॅसेडर चालवायचे. त्यांनीच मालाडचा एक माणूस गिऱ्हाईक म्हणून आणला. त्या माणसाने गाडीला फेरी मारली, चाकाला लाथ घालून बघितली. सगळे वर आले. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. काकू चहा घेऊन आल्या, ट्रे खाली ठेवला आणि किल्ली उचलून अंबाड्यातल्या पेनाच्या टोकाला अडकवली.

“गाडी विकायची नाहीये,” त्या म्हणाल्या.

“मग चालयतलो कोण?” काकांनी विचारलं.

“मी.”

सामंत हसले. मालाडचा माणूस कसाबसा चहा पिऊन गेला. संध्याकाळी मुलुंडहून जयाचा फोन आला, आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? या वयात लोक गाडी सोडतात, तू शिकायला निघालीस? काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या.

स्टेशनच्या रस्त्यावर काशीराम जाधवांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल आणि एक गाडी. काशीराम पूर्वी बेस्टची बस चालवायचे. डॅशबोर्डवर पितळेची छोटी बुद्धमूर्ती, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. बसमध्ये कधी न घाबरलेला हा माणूस शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून मात्र फार घाबरायचा आणि घाबरला की गोळी तोंडात टाकायचा. मालनकाकूंना बघून त्यांना वाटलं, नातवाला घालायला आल्यात. शिकणाऱ्या त्या स्वतःच आहेत हे कळल्यावर त्यांनी एक गोळी तोंडात टाकली आणि एक काकूंना दिली.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. सीट उंचीला कमी पडायची म्हणून काकूंनी जुन्या गोधडीची एक जाड उशी शिवली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. मागून हॉर्न वाजले की काकू मागे वळून ‘एक मिनिट हं’ म्हणायच्या. काशीराम त्यांना सांगायचे, बाई, मागच्याला उत्तर देऊ नका, पुढचा बघा. चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलायचं शिकवायला ते त्यांना नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या रस्त्यावर घेऊन गेले. तिथे चढावर गाडी थांबवली तशी झाडावरून माकडं उतरली आणि दोन बॉनेटवर येऊन बसली. काकूंनी हँडब्रेक सोडला, गाडी हातभर मागे घसरली, काशीरामांनी डोळे मिटले. काकू मात्र स्टिअरिंगकडे बघत त्यांच्या एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या, “थांबा हं, लाइन देते.” क्लच हळूहळू सुटला, गाडी गुरगुरली आणि वर चढायला लागली. माकडं उड्या मारून पळाली. त्या दिवशी काशीरामांनी काकूंना बाहेर नेऊन उसाचा रस पाजला.

अंधेरीच्या आरटीओत काकू पहिल्या खेपेला नापास झाल्या. इन्स्पेक्टरने उजवीकडे वळायला सांगितलं. काकूंनी नियमाप्रमाणे हात बाहेर काढला आणि समोरून येणारं प्रत्येक वाहन जाईपर्यंत हात तसाच धरून थांबल्या. वाहनं संपेनात. शेवटी इन्स्पेक्टरच कंटाळून खाली उतरला. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. पक्कं लायसन्स हातात आलं त्या दिवशी काका त्यांच्याबरोबर प्रथमच शेजारच्या सीटवर बसले, आणि तिथून नवीच गंमत सुरू झाली. चष्म्यामुळे त्यांना समोरचा प्रत्येक ट्रक अंगावर आल्यासारखा दिसायचा. ते पायाखाली नसलेला ब्रेक दाबायचे आणि ‘गेलो, गेलो’ म्हणून ओरडायचे. काकू सांगायच्या, अहो, तो ट्रक अजून दहिसरला आहे.

काकांना तरीही एका गोष्टीची धाकधूक होती. बोनस त्यांनी कमावलेला. आता गाडी बायको चालवणार म्हटल्यावर तो जाणार की राहणार? पॉलिसी नवी करायची वेळ आली तेव्हा दोघं अंधेरीच्या ऑफिसात गेले. तिथे खिडकीमागे चंद्रप्रकाश नावाचे अधिकारी होते. मूळचे उत्तरेकडचे, पण अंधेरीत इतकी वर्षं काढलेली की मराठी आमच्यासारखंच फाडफाड बोलायचे. त्यांनी कागद बघितले, काकूंचं लायसन्स बघितलं आणि सांगितलं की मालक तेच, गाडी तीच, चालवणाऱ्याकडे पक्कं लायसन्स आहे, मग बोनस कुठे जातोय? काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

काकू उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, की आमच्यासारख्या वयाच्या माणसांना वेगळी सवलत का नाही? आम्ही वेगात जात नाही, दारू पीत नाही, उगाच भटकत नाही. जोखीम कमी, तर हप्ताही कमी हवा. चंद्रप्रकाशांना हे बोलणं आवडलं असावं. त्यांनी चहा मागवला.

“बाई, आमच्या कोष्टकात वयाला रकानाच नाही,” ते म्हणाले. “आणि खरं सांगू? म्हातारी माणसं जोरात नाही ठोकत. हळूहळू ठोकतात. पण ठोकतात. गेट, खांब, रिव्हर्स घेताना पाण्याची टाकी. क्लेम छोटे, पण येतच राहतात. ते थांबवा, बोनस आपोआप वाढेल. त्याच्याहून मोठी सवलत माझ्याकडे नाही.”

घरी येताना काकू वाटेतले खांब आणि गेटं बघत होत्या. कम्पाउंडमध्ये शिरल्या तर सामंतांची ॲम्बॅसेडर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला मागून टेकलेली, मागचा बंपर वाकलेला, आणि सामंत वॉचमनला झापत होते की तू नीट ‘आने दो, आने दो’ म्हणाला नाहीस. त्यांचा बोनस याआधीच्या क्लेमने गेलेला होता आणि आता परत मिळण्याची आशाही गेली. काकूंनी गाडी लावली, किल्ली काढली आणि तशाच काशीरामांच्या गाळ्यावर गेल्या.

त्यांच्या डोक्यात आलं होतं ते असं. आपल्या भागात सामंतांसारखे बरेच जण आहेत. गाडी चालवून केस पांढरे झालेले, पण शेवटचं कुणीतरी शेजारी बसून चूक दाखवली त्याला जमाना झालेला. मान पूर्वीसारखी वळत नाही, नजर मंदावलीय, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. त्यांना एकत्र बोलवून पुन्हा सराव करून घेतला तर? काशीराम म्हणाले, कल्पना झकास आहे, पण एकही जण येणार नाही. साठीचा माणूस ‘मोटार स्कूल’ असं लिहिलेल्या गाडीजवळ उभाही राहत नाही, लाज वाटते.

“मग स्कूल म्हणायचंच नाही,” काकू म्हणाल्या. “चहा म्हणायचं.”

सोसायटीच्या फळ्यावर आणि नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात चिठ्ठी लागली. रविवारी सकाळी चारकोपला चहा, साठीच्या आसपासच्या सर्वांना आमंत्रण, येताना आपापली गाडी आणावी. चारकोप तेव्हा नुकतं वसत होतं. सेक्टर आखलेले, रस्ते रुंद आणि काळेशार, पण दोन्ही बाजूंचे प्लॉट अजून मोकळे. कुठे विटांचा ढीग, कुठे जोत्यापर्यंत आलेलं घर, बाकी गवत आणि बगळे. सरावाला याहून चांगली जागा सगळ्या उपनगरांत सापडली नसती.

पहिल्या रविवारी चौघे आले, त्यांतही एक जण खरोखरच फक्त चहासाठी आला होता, त्याच्याकडे स्कूटरसुद्धा नव्हती. काकूंनी मोठा थर्मास आणि नारळाच्या वड्या नेल्या होत्या. काशीरामांनी रिकामे ड्रम उभे करून, चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. ड्रमांच्या मधोमध गाडी मागे घ्यायची. काशीराम लाल रुमाल हलवतील तेव्हा ब्रेक दाबायचा आणि गाडी कुठे थांबली ते खाली उतरून बघायचं. ते बघून प्रत्येक जण पावलांनी अंतर मोजायला लागायचा, कारण गाडी त्याला वाटली होती त्याहून फार पुढे जाऊन थांबलेली असायची. बऱ्याच गाड्यांना डाव्या बाजूला आरसाच नव्हता. काकूंनी सगळ्यांना तो बसवून घ्यायला लावला, म्हणाल्या, मान वळत नाही तर निदान नजर वळू द्या. ज्याला समोरच्या दिव्यांची तिरीप सहन होत नसेल त्याने अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही, हेही ठरलं. हळूहळू माणसं वाढली. सामंतही ॲम्बॅसेडर घेऊन आले. कांदिवलीहून एक पारशी गृहस्थ त्यांची बुटकी, लांबलचक मॉरिस घेऊन यायला लागले. एक रिटायर्ड शिक्षिका आल्या, त्या पुढे काशीरामांकडे रीतसर शिकल्या.

राऊळकाका मात्र यायचे नाहीत. म्हणायचे, माका खंयचो चहा? गाडी चालवायची बंदी असलेल्या माणसाने तिथे जाऊन काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. शेवटी एका रविवारी काकूंनी घडीची खुर्ची डिकीत टाकली आणि त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. ते रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून बगळे बघत राहिले.

त्या दिवशी नजरेची परीक्षा होती. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचायचा, एवढीच. बाकीच्यांनी वाचला. सामंतांना वाचता आला नाही. ते म्हणाले, नंबरप्लेटवर चिखल आहे. काशीरामांनी फडक्याने प्लेट पुसली. सामंत म्हणाले, ऊन चमकतंय. गाडी सावलीत लावली. मग सामंत चिडले. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, मला सगळं दिसतं, मला कोणी शिकवायची गरज नाही, असं म्हणत त्यांनी किल्ली काढली. काशीरामांनी गोळी तोंडात टाकली. काकू काही बोलणार तेवढ्यात राऊळकाका खुर्चीवरून उठले आणि बाजूचं नीट दिसत नसल्यामुळे मान पूर्ण वळवत, सावकाश चालत सामंतांपाशी गेले.

“सामंतानू, माका पण दिसत होता,” ते म्हणाले. “रस्तो दिसत होतो, झाडा दिसत होती, सगळा दिसत होता. फकत ती बाई दिसूक नाय.”

सोनूबाईचा प्रसंग काकांनी तोवर कुणाजवळ काढला नव्हता. आता त्यांनी तो उभ्या उभ्या सांगितला. खांब, दूधकेंद्र, मागचा दिवा, सगळं. न दिसणं हे कसं कळतच नाही, हे सांगितलं. आपल्याला वाटत राहतं की काच खराब आहे, रंग नवा आहे, ऊन समोरून आहे. बॉनेटवर बोंबील कसे पसरले ते सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आलं आणि मग बाकीचेही हसले. सामंत हसले नाहीत, पण त्यांनी किल्ली काकांच्या हातात दिली. घरी जाताना ॲम्बॅसेडर काशीरामांनी चालवली. दुसऱ्याच दिवशी काका सामंतांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मोतीबिंदू नव्हता. चष्म्याचा नंबर फार जुना होता, इतकंच. पुढच्या रविवारी सामंतांनी नव्या चष्म्यातून समोरच्या गाडीचा नंबर तर वाचलाच, वर तिच्या मागच्या काचेवरचा स्टिकरही वाचून दाखवला.

तेव्हापासून चारकोपला काकांची खुर्ची ठरून गेली. नवा माणूस आला की त्याला आधी राऊळांकडे पाठवायचं. काका त्याला एक डोळा झाकायला लावायचे, मग दुसरा, मग नो क्लेम बोनस समजावून सांगायचे. घरीही ते बदलले. रविवारची गाडी धुणं पुन्हा सुरू झालं. आता वाट्या घासायला सामंतही उभे राहायचे.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. सामंतांना बोनसची पहिली सूट मिळाली, आणखी काही जणांना वाढीव मिळाली. अंधेरीच्या खिडकीमागे चंद्रप्रकाशांच्या लक्षात आलं की वझिरा नाक्याकडून हल्ली कुणी वाकलेला बंपर घेऊन येत नाही. एका रविवारी ते स्वतःच चारकोपला हजर झाले. त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि त्यांनी नवीकोरी लाल मारुती घेतली होती. त्यांनी सगळं बघितलं, वड्या खाल्ल्या, आणि म्हणाले, मीही एक फेरी मारून बघतो. ड्रमांच्या मध्ये गाडी मागे घेताना त्यांनी एक ड्रम अगदी अलगद आडवा केला.

“साहेब,” काकू खिडकीशी वाकून म्हणाल्या, “हळूहळू ठोकलात. पण ठोकलात.”

चंद्रप्रकाश पोट धरून हसले. त्यानंतर रिटायर होईपर्यंत आणि रिटायर झाल्यावरही ते अधूनमधून यायचे. कंपनीच्या कोष्टकात वयाचा रकाना काही आला नाही. काकूंनी तो विषय सोडला नव्हता. चंद्रप्रकाश दिसले की त्या विचारायच्या आणि ते हात जोडायचे.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात काकांनीच एक दिवस गावाला जायचं काढलं, आणि तेही गाडीने. कुडाळजवळचं त्यांचं गाव, घाटाघाटांचा रस्ता. जयाने मुलुंडहून पुन्हा फोन केला, पण या वेळी तिने फक्त एवढंच विचारलं की पाण्याच्या बाटल्या घेतल्या का. काकूंनी गाडीचे ब्रेक, टायर, इंजिनच्या पंख्याचा पट्टा, सगळं तपासून घेतलं. काशीरामांनी बजावलं होतं की थोडं चाललं की थांबायचं, चहा प्यायचा, पाय मोकळे करायचे, उशीर झाला तर झाला. म्हणून ते रमतगमत गेले. महाडला जेवले, कशेडी घाटात ट्रकांना वाट देत हळूहळू चढले, मुक्काम चिपळूणला केला. काका नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. घाटात ते एकदाही ओरडले नाहीत. नंतर कळलं की वळणं आली की ते चष्माच काढून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गाडी घराच्या खळ्याजवळ, अंगणाच्या तोंडाशी थांबली. काकांची थोरली बहीण द्रौपदीआत्या पंच्याहत्तरीची, काठी टेकत बाहेर आली. तिने भावाला जवळ घेतलं, मालनकाकूंच्या गालावरून हात फिरवला आणि मग गाडीच्या मागे, पुढे, माडाखाली शोधायला लागली.

“ड्रायव्हर खंय गेलो?” तिने विचारलं. “त्येका च्या-पाणी देवक होया.”

काकांनी काकूंकडे बोट दाखवलं. आत्याला ते पटायला वेळ लागला. तिने काकूंचे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले, मग उशी ठेवलेली सीट बघितली. चहा झाला, आंबे कापले गेले, पण आत्याचं लक्ष सारखं बाहेर गाडीकडे. शेवटी तिने नवं लुगडं नेसलं, काठी भावाच्या हातात दिली आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली. काकांना तिने मागे बसवलं. कुडाळच्या बाजारात जायचं होतं म्हणे, काय आणायचं ते मात्र तिने सांगितलं नाही.

काकूंनी गाडी सुरू केली. लाल मातीच्या रस्त्यावरून फियाट सावकाश निघाली. वाडीतलं पहिलं घर आत्याच्या चुलतभावजयीचं होतं, आणि त्या दोघींचं फारसं पटत नव्हतं. ते घर जवळ यायला लागलं तशी आत्या सरळ होऊन बसली, पदर नीट केला आणि समोर बघतच म्हणाली, “हॉर्न वाजय गो मालन. जरा लांब वाजय.”